कानाचा पडदा बसवल्यावर पहिले सहा आठवडे

पडद्याच्या भोकावर लावलेला तुकडा टाके घालून शिवलेला नसतो. बहुतेक वेळा कानशिलावरच्या स्नायूचं पातळ आवरण काढून ते जुन्या पडद्याच्या आतून सरकवतात आणि विरघळणाऱ्या स्पंजच्या बारीक तुकड्यांचा टेकू देतात. कडेने नवा रक्तपुरवठा येईपर्यंत तो तुकडा फक्त या टेकूवर असतो, म्हणून सगळी पथ्यं पाणी आणि दाब यांच्याभोवती फिरतात.

नाक जोरात शिंकरू नका. नाकातली हवा आतल्या नळीने थेट मधल्या कानात जाते आणि तुकडा उचलते. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्या, दाबू नका. भरलेली घागर उचलणं, तालमीतला जोर, बद्धकोष्ठतेत कुंथणं, सगळं बंद. करूळ घाट उतरून कोकणात जायचं असेल तर सहा आठवडे पुढे ढकला. जावंच लागलं तर उतरताना सारखा आवंढा गिळा, पण नाक दाबून कानात हवा सोडू नका. विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच.

डोक्याची पट्टी एक-दोन दिवसांत निघते, बाहेरच्या कातडीचे टाके साधारण आठवड्याने. तोवर केस धुऊ नका. नंतर अंघोळीआधी सुपारीएवढा कापसाचा बोळा व्हॅसलिनमध्ये चांगला मळून कानाच्या तोंडाशी बसवा, आत खुपसू नका. अंघोळ झाली की लगेच काढून टाका. कानात गरम तेल, लसूण घातलेलं तेल अजिबात नको. घरच्या मोठ्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

पहिले काही दिवस लालसर पाणी येणं, कान गच्च वाटणं, टकटक आवाज, जिभेची चव बदलणं, यात घाबरण्यासारखं नाही. आतला स्पंज कोरून काढू नका. मात्र चेहरा एका बाजूला वाकडा होणं, गरगरून उलट्या, ताप, वास येणारा पू किंवा कानामागे वाढती सूज दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तंबाखू, विडी, सिगारेट सोडाच. धुराने जखम भरायला वेळ लागतो आणि खोकल्याचा दाबही कानावर येतो.

साधारण तिसऱ्या महिन्यात हिअरिंग टेस्ट करतात. ऑपरेशनआधीचा रिपोर्ट सोबत न्या, नाहीतर फरक किती पडला ते कळत नाही. पंचगंगेत पोहायला डॉक्टरांनी कानात बघून पडदा पक्का बसल्याचं सांगितल्यावरच उतरा.