दारातल्या गेटचा खोटा भोंगा कसा थांबला

लक्ष्मी रस्त्यावरील आमच्या तयार कपड्यांच्या दुकानात चोरी रोखण्यासाठी बसवलेले गेट दिवाळीच्या गर्दीत कारण नसताना वाजू लागले आणि पैसे चुकते केलेल्या ग्राहकांना चारचौघांत थांबवण्याची वेळ आली, हे मला फार खटकत होते. आमचे गेट ८.२ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरींवर चालते. कपड्याला लावलेल्या टॅगमधील कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, त्या लहरींना प्रतिसाद देते आणि तो टिपला की भोंगा वाजतो. साहजिकच, जवळच्या विजेच्या उपकरणांचा व्यत्ययही त्याला फसवू शकतो. म्हणून दुकान बंद झाल्यावर आम्ही एकेक दिवा मालवून पाहिला. दर्शनी काचेवरील एलईडी पट्टीचा स्वस्त अडॅप्टर काढताच गेट शांत झाले. त्याजागी चांगल्या प्रतीचा अडॅप्टर घेऊन तो गेटपासून दूर बसवला. दाराजवळचा कुर्त्यांचा स्टँडही आत सरकवला, कारण त्यावरील टॅग गेटच्या टप्प्यात येत होते.

याच निमित्ताने टॅग लावण्याची पद्धतही सुधारली. पिन कापडाच्या मधोमध न टोचता बाजूच्या शिवणीतून घातली, तर भोक दिसत नाही. रेशमावर मात्र ते कायमचे राहते, त्यामुळे रेशमी कपड्यांना आम्ही दोरीचाच टॅग काजातून ओवून लावतो.