माशांच्या उवांना औषध लागू पडेना? या चुका टाळा

रोहू-कटल्याच्या पंखांच्या बुडाशी चिकटणारी चपटी ऊ म्हणजे आर्ग्युलस. औषध टाकलं की आठवडा बरा जातो आणि पंधरवड्यात ती पुन्हा दिसते. लगेच 'उवा औषध पचवायला लागल्या' असं ठरवू नका. उवेची मादी माशाच्या अंगावरून उतरून दगड, काड्या, बांबू यांवर अंडी घालते. ती औषधाने मरत नाहीत आणि कोमट पाण्यात दोन-तीन आठवड्यांत फुटतात.

म्हणून आधी मोजा. फेकजाळ्याने दहा मासे काढून उवा मोजा, औषधानंतर दोन दिवसांनी पुन्हा दहा. मोठ्या उवा तेवढ्याच राहिल्या तर मात्रा चुकली किंवा प्रतिकार आला. त्या गेल्या आणि नंतर बारीक आल्या, तर ती अंड्यांची पिल्लं. दुसरी मात्रा त्यांनी अंडी घालण्याआधी, तज्ज्ञाला विचारून द्या.

सर्वांत महागात पडते ती पाण्याच्या हिशेबातली चूक. वर 30×30 मीटर, 3 मीटर खोल आणि 1:1 उताराचं, म्हणजे तळाकडे निमुळतं होणारं शेततळं काठोकाठ भरलं तरी 2196 घनमीटरच पाणी धरतं, 2700 नाही. लांबी-रुंदी-खोलीच्या नुसत्या गुणाकारावर मात्रा काढली तर 23 टक्के जास्त पडते आणि मासेच दगावू शकतात. पाणी दीड मीटरवर आलं की साठा निम्म्याहूनही कमी, सुमारे 976 घनमीटर. भीतीपोटी अंदाजाने कमी टाकणं तर आणखी वाईट: नाजूक उवा मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. एका कोपऱ्यात ओतलं तरी तेच घडतं.

सायपरमेथ्रिननंतर डेल्टामेथ्रिन घेणं म्हणजे औषध बदलणं नव्हे. दोन्ही कीटकनाशकं एकाच गटाची, मज्जातंतूवर एकाच ठिकाणी मारा करणारी. कपाशीवरच्या हिरव्या बोंडअळीने हाच गट पचवला होता, हे विदर्भाला सांगायला नको. नॉर्वेच्या सॅमन माशांवरच्या उवांनीही एकामागून एक औषधं पचवली. वावरातली फवारणीची बाटली तळ्यात तर मुळीच नको. जुन्या पुस्तिकांतल्या डायक्लोरव्हॉसवर देशात 2020अखेर बंदी आली आहे.

मामा (माजी मालगुजारी) तलावात जनावरं पाणी पितात, तिथे औषधाचा विचारही करू नका.

बिनऔषधाचा उपाय मात्र कुठेही चालतो. काठाला बांबू किंवा जुनी कवेलू (छपराची कौलं) उभी रोवा, दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा. त्यावर ओळीने चिकटलेली अंडी तिथेच मरतात. बोडी (लहान तळं) आटली की तळ भेगा पडेस्तोवर सुकू द्या, आणि दुसऱ्याच्या तळ्यातलं ओलं जाळं आपल्या पाण्यात टाकू नका.