सीमाभागात सर्वेक्षण करताना: प्रश्न कोणी आणि कुठल्या भाषेत विचारला?

निपाणीत घरी विड्या वळणाऱ्या बाईला "तुम्ही काम करता का?" असं विचारलं, तर "नाही, घरीच असते" हे उत्तर सहज येतं. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटं चालूच. "काम" म्हणजे घराबाहेर जाऊन केलेलं, असाच त्या शब्दाचा रूढ अर्थ आहे. म्हणून "गेल्या सात दिवसांत विड्या वळल्या का? रोज साधारण किती?" असं विचारावं. आधी पंधरा-वीस जणांवर प्रश्नावली तपासून बघा, आणि "या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?" हे प्रत्येकाला विचारा.

सीमाभागात "सरकार" हा शब्दही फसवतो. बेंगळुरूचं, मुंबईचं की दिल्लीचं? नाव घालूनच विचारा. "मातृभाषा"चंही तसंच. जनगणनेत ती म्हणजे लहानपणी आई आपल्याशी बोलायची ती भाषा. पण घरात मराठी, बाजारात कन्नड आणि मुलं इंग्रजी माध्यमात, हे एकाच उंबऱ्याआत असू शकतं. या तीन गोष्टी आहेत, तीन वेगळे प्रश्न करा.

१९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून इथं भाषा हा राजकीय प्रश्न आहे. त्यामुळे तोच प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये विचारल्यावर उत्तर बदलू शकतं. हा परिणाम प्रयोग करून मोजता येतो. दोन्ही भाषा सहज बोलता येतात का, हे आधी विचारायचं. ज्यांना येतात, फक्त त्यांच्या मुलाखतीची भाषा मोबाइलमधल्या फॉर्मनं यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी, ठरवायची. बाकीच्यांशी त्यांच्याच भाषेत बोलायचं. निष्कर्षही मग दुभाषिकांपुरताच सांगायचा. निवड मुलाखतकारावर सोडली की तो आडनाव ऐकून भाषा ठरवतो, आणि तुलना तिथंच बाद होते. प्रत्येक मुलाखतकारानं दोन्ही भाषांत मुलाखती घ्यायला हव्यात. मराठीच्या एकानं आणि कन्नडच्या दुसऱ्यानं घेतल्या, तर फरक भाषेचा की माणसाचा हे कधीच कळणार नाही. कन्नड मसुदा मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडून परत मराठीत करून घ्या; अर्थ कुठं सरकला ते लगेच दिसतं.

नमुन्यासाठी, म्हणजे किती जणांना विचारायचं यासाठी, ३८४ हा आकडा सगळे घोकतात: ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के त्रुटी. म्हणजे असं सर्वेक्षण शंभरदा केलं, तर सुमारे ९५ वेळा उत्तर खऱ्या आकड्याच्या ५ टक्के मागे-पुढेच येईल. तो साध्या यादृच्छिक निवडीचा आहे. गावं निवडून, मग गावात घरं निवडली तर तो पुरत नाही, कारण एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. हे साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळे सारखेच) ०.०५ धरलं आणि गावात २० घरं घेतली, तर नमुना १.९५ पट, म्हणजे सुमारे ७५० लागतो. गावात १० च घरं घेतली तर १.४५ पट, सुमारे ५६०. प्रवास वाढतो, तरी गावं जास्त आणि घरं कमी हेच बरं. घर मोजताना छप्पर मोजू नका, चूल मोजा. एका वाड्यात तीन चुली म्हणजे तीन कुटुंबं.

नाजूक मतांसाठी यादी-प्रयोग वापरतात. अर्ध्या लोकांना चार विधानं, अर्ध्यांना तीच चार आणि एक नाजूक. कुठली पटतात ते सांगायचं नाही, किती पटतात एवढंच. सरासरी २.१ आणि २.४ आली, तर नाजूक विधान पटणारे ३० टक्के. पण याची किंमत नमुन्यात मोजावी लागते: दोन्ही गटांत ४००-४०० माणसं आणि उत्तरांचं प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून किती विखुरलेली आहेत त्याचं माप) १ धरलं, तरी त्रुटी १४ टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे ते ३० टक्के १६ ते ४४ मध्ये कुठंही असू शकतात. चारही विधानं सगळ्यांना पटणारी ठेवली तर पाच म्हणणाऱ्याचं गुपित उघडं पडतं, म्हणून एखादं क्वचितच पटणारं विधान हवंच.

खानापूरकडे भातलावणीच्या दिवसांत दुपारी दारं बंद असतात, कामासाठी गोवा-पुण्याला गेलेले पुरुष सणालाच भेटतात. बंद घराऐवजी शेजारचं घर घेऊ नका. नाहीतर घरी असणाऱ्यांचीच मतं गोळा होतात. वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या मारा, त्यातली एक संध्याकाळी सातनंतर, आणि प्रत्येक फेरीची वेळ फॉर्मवर लिहा.