चाइल्ड सीट घेतली, पण नीट बसवली का? या चुका टाळा

मागच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांची नवी चाइल्ड सीट बघायला गेले. सीट झकास होती. सहज हाताने हलवून पाहिली, तर ती दारापासून मधल्या जागेपर्यंत चक्क झोके घ्यायला लागली. "अहो ताई, दुकानातल्या माणसानेच बसवून दिलीय," शेजारी म्हणाले. मला हसू आलं नाही, कारण पहिले तीन महिने आमचीही तशीच होती. कापूरबावडीहून कासारवडवलीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला खडखड वाजायची आणि आम्हाला वाटायचं, रस्ताच तसा आहे.

सैल सीट

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. बेल्ट सीटच्या ज्या खाचेतून जातो, तिथेच सीट धरा आणि डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे हलवा. एका इंचापेक्षा जास्त हलली तर सैल आहे. वरच्या टोकाला धरून हलवू नका, तिथे चांगली बसवलेली सीटही थोडी हलतेच.

बेल्टने बसवत असाल तर गुडघा सीटमध्ये रोवा, अंगाचा भार टाका आणि खांद्याकडचा पट्टा ओढत राहा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा बेल्ट हिसका बसला तरच अडकतो, एरवी मोकळा सुटतो. म्हणून सीटला स्वतःचं लॉक असेल, तर ते लावायला विसरू नका. गाडीच्या बेल्टचं बकल सीटच्या कडेवर वाकडं टेकत असेल, तर ती सीट त्या जागेसाठी नाही. पट्टा पुरत नसेल तरीही तेच. एक्स्टेंडर जोडून वेळ मारून नेऊ नका. सीट घ्यायला जाताना गाडी सोबत न्या आणि पैसे देण्याआधी पार्किंगमध्ये बसवून बघा.

आता आयसोफिक्स, म्हणजे बेल्टऐवजी गाडीतल्याच कड्यांना सीट अडकवायची सोय. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते, त्या फटीत लोखंडी कड्या असतात, बहुतेक गाड्यांत दोन्ही खिडक्यांकडच्या जागांना. आमच्या गाडीत त्या सापडेनात. हात कोपरापर्यंत घातला, बिस्किटाचा चुरा आणि दोन रुपयांचं नाणं निघालं, कड्या नाहीत. शेवटी कळलं, गाडी घेतल्या घेतल्या हौसेने बसवलेल्या जाड सीट कव्हरनेच त्या झाकल्या होत्या. कव्हरवाल्याने मागच्या बेल्टची बकलंही खाली दाबून टाकलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळच्या अपघातात मागच्या सीटवर बेल्टशिवाय बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, त्यानंतर आमच्या सोसायटीत कितीतरी जणांनी अशी गाडलेली बकलं बाहेर काढली. आम्ही मागचं कव्हरच उतरवलं. गुळगुळीत, फोम भरलेल्या कव्हरवर सीट घसरते ती वेगळीच.

दोन्ही बाजूंनी 'खट्' आवाज आला आणि खूण हिरवी झाली, की काम संपलं असं वाटतं. ते संपलेलं नसतं. तिसरा आधारही लागतो, सीटच्या वरून मागे जाणारा पट्टा किंवा खाली जमिनीला टेकणारा पाय. तो नसेल तर धडकेत सीट पुढे कलंडते. वरच्या पट्ट्याचा हुक बऱ्याच हॅचबॅक गाड्यांत मागच्या सीटच्या पाठीला, डिकीच्या बाजूने असतो. डिकीत पिशव्या अडकवायच्या हुकला तो लावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. तो हुक पिशवीपुरताच.

पट्टे: चिमटीची परीक्षा

मुलाला बसवल्यावर खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर सैल. मागे तोंड असलेल्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढे तोंड असेल तर पातळीला किंवा किंचित वरून. मूल वाढतं, पट्टे तिथेच राहतात, म्हणून दोन महिन्यांनी एकदा बघायचंच.

महाबळेश्वरला जाताना जाड स्वेटर घालून वर पट्टे बांधू नका. धडकेत स्वेटर दबतो आणि पट्टा एकदम ढिला पडतो. आधी पट्टे, मग वरून शाल.

घाईने तोंड पुढे करणं

"पाय दुमडतात हो बिचाऱ्याचे!" हे वाक्य आमच्या घरात रोज ऐकलंय. पाय दुमडले तर दुमडू देत, लहान मुलं मांडी घालून मजेत बसतात. प्रश्न मानेचा आहे. या वयात अंगाच्या मानाने डोकं जड आणि मान कोवळी. मागे तोंड असेल तर समोरच्या धडकेचा जोर पूर्ण पाठीवर पसरतो, पुढे असेल तर सगळा मानेवर येतो. चाइल्ड सीटच्या आर१२९ या आंतरराष्ट्रीय मानकात किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. सीटची मर्यादा संपेपर्यंत तसंच ठेवलेलं जास्त बरं.

मांडीवर आणि पुढच्या सीटवर

आमच्या सासूबाईंचा ठाम प्रश्न, "माझ्या मांडीपेक्षा सुरक्षित काय असणार?" त्यांना मी आकडा सांगितला. ताशी ५० किलोमीटरला गाडी आदळली तर दहा किलोचं मूल क्षणभर दोनशे-तीनशे किलोंसारखं खेचलं जातं. ते कुणाच्याच हातात राहत नाही. त्या गप्प झाल्या, पटलं मात्र नव्हतं. मग तीन मजल्यांवरून पडण्याएवढा तो मार असतो म्हटल्यावर पटलं.

डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत एअरबॅग उघडून पुढच्या सीटवरचं सहा वर्षांचं मूल दगावल्याची बातमी आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि ती मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबाने बनवलेली असते. चालू एअरबॅगसमोर मागे तोंड असलेली सीट ठेवणं तर सर्वांत घातक. मुलाची जागा मागेच.

कायद्याचं विचाराल तर, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे.

खरेदीतल्या चुका, थोडक्यात

वयावर जाऊ नका, वजन आणि उंची बघा. सीटवर मानकाचं लेबल शिवलेलं किंवा चिकटवलेलं हवं: आर४४/०४, आर१२९ किंवा आपलं एआयएस-०७२. लेबल नाही, तर ती नुसती गादी लावलेली खुर्ची. 'जन्मापासून बारा वर्षांपर्यंत' सांगणाऱ्या सीटवर माझा फारसा विश्वास नाही, कारण तान्ह्या बाळासाठी त्यातल्या बऱ्याच फार उभ्या असतात. नात्यातली जुनी सीट मिळत असेल तर ती अपघातातून गेली आहे का, हे स्पष्ट विचारा. भिडेला पडू नका. बऱ्याच सीटच्या खाली वापराची मुदतही छापलेली असते, ती बघा.

मूल ऐकत नसेल तर

तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडू शकतो, सीटचा कल तपासा. मोठ्याची मान झोपेत पुढे लोंबते, म्हणून ऑनलाइन मिळणारा कपाळपट्टा बांधू नका. सीट मागे कलती होत असेल तर तेवढी करा. हात पट्ट्यातून बाहेर काढणाऱ्या मुलांसाठी आमचा उपाय एकच होता, गाडी बाजूला घ्यायची. पाम बीच रोडवर तीनदा थांबलो, चौथ्यांदा लेकीने स्वतःच हात आत घातला.

मे महिन्यात उघड्यावर लावलेल्या गाडीत बकलचं लोखंड चटका देतं. मी सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवते आणि बसवण्याआधी बकलला हाताची पाठ लावून बघते.