हजेरीपटावर २४०, प्रत्यक्षात किती? वस्तीला हालतं करणाऱ्या संस्थेत नव्याने येणाऱ्यांसाठी

लोकांनी जास्त चालावं, खेळावं, हातपाय हलवावेत म्हणून झटणाऱ्या एखाद्या छोट्या सेवाभावी संस्थेत तुम्ही नुकतेच आला असाल, तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, हे तुम्हाला पाठ असेलच. ते पुन्हा सांगत बसत नाही. एवढंच लक्षात ठेवा की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत हालचाल सलग दहा मिनिटांची तरी असावी अशी अट होती, आणि २०२० च्या शिफारशींत ती काढून टाकली. ती अट छापलेली जुनी पत्रकं संस्थेच्या कपाटात असतील तर आजच रद्दीत घाला. ज्याला एका दमात चार मिनिटंही चालवत नाही, त्याला ती ओळ वाचून वाटतं की आपलं चालणं मोजण्यातच धरत नाहीत.

आता सापळ्याबद्दल. इथे जरा लांबण लागेल, पण सहन करा. या कामात वर्षं वाया जातात ती इथेच, आणि ती गेल्यावर फार लागतं.

तुम्ही सत्र जाहीर करता आणि लोक येतात. पहिल्याच आठवड्यात वीस-पंचवीस. फोटो छान निघतात, देणगीदार खूश होतात. पण हे आलेले कोण? बहुतेक वेळा आधीपासून हालचाल करणारेच. रोज पहाटे फिरणारे, दुसऱ्या एखाद्या वर्गाला जाणारे, पूर्वी खेळलेले. माणसं चांगली असतात, वेळेवर येतात, नेमाने येतात, त्यामुळे तर सत्र भरलेलं दिसतं. ज्यांच्यासाठी संस्था निघाली ती माणसं मात्र घरातच राहतात, आणि हजेरीपटावर हे कुठेही उमटत नाही.

एक कल्पित हिशेब मांडू. बारा आठवडे, आठवड्यातून एकदा, दर वेळी सरासरी २० जण. अहवालात ‘२४० लाभार्थी’ असं लिहिलं जातं. त्या २४० हजेऱ्या आहेत, माणसं नाहीत. नावं एकेकदाच मोजली तर समजा ३४ निघतात. त्यातले ९ जण एकदाच येऊन गेले. उरलेल्या २५ पैकी १८ जण नोंदणीच्या दिवशीही आठवड्यातले पाच-सहा दिवस चालतच होते. म्हणजे आधी बसून असलेले आणि तुमच्यामुळे टिकलेले ७. दोनशे चाळीस आणि सात यांच्यामधली ही दरी तुमची तुम्हालाच मोजावी लागते, कारण बाहेरचं कुणी ती मोजायला येत नाही.

मोजायचं कसं? नोंदणीच्या कागदावर एक प्रश्न घाला: ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस तुम्ही एकूण तीस मिनिटं किंवा जास्त, श्वास वाढेल इतकी हालचाल केली?’ उत्तर ० ते ७. यात भराभर चालणं, सायकल, खेळ, व्यायाम धरायचे. घरकाम आणि नोकरीतली मेहनत धरायची नाही. म्हणूनच शेजारी दुसरा प्रश्न लागतो: ‘कामात दिवसभर बसून असता, उभे असता की अंगमेहनत करता?’ हा दुसरा प्रश्न गाळला की दिवसभर ओझी उचलणारा माणूस पहिल्या प्रश्नाला ‘०’ लिहितो आणि तुमच्या यादीत निष्क्रिय ठरतो. त्याला बहुधा तुमच्या चालण्याच्या गटापेक्षा विश्रांतीची गरज जास्त असते.

हा प्रश्न पहिल्या सत्राच्या आधी विचारा. चौथ्या आठवड्यात ‘आधी किती चालत होता?’ असं विचारलंत तर लोक तुमचं मन राखायला उत्तर देतात. प्रशिक्षकाने रांगेत उभं करून मोठ्याने विचारू नये. ज्याचं उत्तर शून्य आहे तो खोटं बोलेल किंवा पुढच्या वेळी येणारच नाही. कागदावर, किंवा लिहिता न येणाऱ्याला बाजूला घेऊन. बारा आठवड्यांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारा, सहा महिन्यांनी पुन्हा. आणि तेव्हा समोर उभ्या असलेल्यांनाच विचारून थांबू नका, गळालेल्यांनाही फोन करा. टिकलेल्यांनाच विचारलं तर कुठलाही उपक्रम यशस्वीच दिसतो.

एक ढोबळ कसोटी सांगते. २०२२ मध्ये जगातले सुमारे ३१ टक्के प्रौढ शिफारशीइतकी हालचाल करत नव्हते. प्रश्न वेगळे असल्यामुळे तुलना काटेकोर होत नाही, पण ०, १ किंवा २ दिवस लिहिणारे तुमच्या यादीत तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असतील, तर बसून राहणाऱ्यांपर्यंत तुम्ही बहुधा पोचलेलाच नाही.

आकडा सात आला तर खचू नका. पहिल्या तिमाहीत खरे सात मिळाले असतील तर काम नीट चाललं आहे. त्या अठरा जणांना हाकलायचंही नाही. त्यांना जबाबदारी द्या: कुणाला घरून सोबत आणायचं, कुणी रांगेच्या शेवटी चालायचं.

गर्दी अशी एकतर्फी होते त्याची कारणं साधी आहेत. वेळ स्वयंसेवकांच्या सोयीची असते. जागा मैदानावर असते, आणि मैदान म्हटलं की अनेकांना शाळेत शेवटून पहिलं येणं आठवतं. जाहिरातीत धावणारी सडपातळ माणसं असतात. ‘फिटनेस’ हा शब्दच अर्ध्या लोकांना दारातून परत पाठवतो. भित्तिपत्रक आधीपासून शोधात असलेल्यालाच दिसतं. न हालणारा माणूस येतो तो कुणीतरी ओळखीच्याने हाताला धरून आणल्यावर: दवाखान्यातली परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, शेजारीण, ग्रंथपाल. म्हणून पहिले तीन-चार आठवडे सत्र घेऊच नका. या मंडळींना भेटा, त्यांनी माणूस पाठवला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याला फोन करा, आणि सत्राच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा करा. पहिल्या भेटीत फक्त बसून गप्पा झाल्या तरी चालेल.

जागेबद्दल थोडं, पण हे नेमकं पाळा. घरापासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आत. स्वच्छतागृह जवळ हवं. वयस्कर माणसं आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका याच एका कारणाने गळतात आणि कारण सांगत नाहीत. संध्याकाळचं सत्र असेल तर परतीच्या वाटेवर उजेड आहे का ते स्वतः चालून बघा, सत्र संपायच्या वेळी. कपडे बदलावे लागू नयेत.

चालण्याचा मार्ग गोल आखा, एक ते दीड किलोमीटरचा, सुरुवातीच्या जागेजवळून पुन्हा पुन्हा जाणारा. सरळ जाऊन परत येण्याच्या वाटेवर दमलेला माणूस अर्ध्यात अडकतो. त्याला थांबलं तरी तेवढंच परत यायचं असतं. दर दोन-तीनशे मीटरला बसायला काहीतरी हवं. पुढे एक नेणारा, मागे एक राखणारा. निघताना, मध्यावर आणि शेवटी डोकी मोजा. मागचा स्वयंसेवक कायम सगळ्यांच्या मागे. ‘पार्करन’ या मोफत शनिवारच्या पाच किलोमीटर उपक्रमात असा शेवटचा स्वयंसेवक ठरवून दिलेला असतो, त्यामुळे भाग घेणारा कुणीच शेवटचा येत नाही. ही एक व्यवस्था कितीतरी प्रेरक भाषणांच्या तोडीची आहे.

पंचेचाळीस मिनिटांचं सत्र असेल तर दहा मिनिटं सावकाश सुरुवात, वीस मिनिटं मुख्य भाग, दहा मिनिटं वेग उतरवायला आणि पाच गप्पांना. ती पाच कापू नका, लोक पुढच्या आठवड्यात त्यांच्यासाठीच येतात. वेगासाठी घड्याळ लागत नाही. बोलता येतंय पण गाता येत नाही, हा मध्यम वेग. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस. नवख्याला पहिल्या दिवशी मुख्य भागातली आठ-दहा मिनिटं पुरे. पुढे नेणाऱ्याचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याने ठरवायचा. आणि पुढे गेलेल्यांनी थांबून मागच्याची वाट बघितली, तो पोचला आणि सगळे लगेच निघाले, तर विश्रांती नेमकी ज्याला हवी त्यालाच मिळाली नाही. तो पोचल्यावर अजून एक मिनिट थांबा.

पासष्टच्या पुढच्यांना नुसतं चालवू नका. तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस, अशी त्यांच्यासाठी शिफारस आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि भिंतीला बोटं लावून टाचा उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. खुर्ची चाकं नसलेली, पाठ भिंतीला टेकवलेली, आसन सुमारे ४३ सेंटीमीटर उंच. घडीची खुर्ची वापरू नका, ती सरकते किंवा मिटते.

आरोग्याची चौकशी करायलाच हवी, तडजोड नाही. ‘पार-क्यू प्लस’ या प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर सात प्रश्न आहेत. गोंधळ होतो तो पुढे: एकाला जरी ‘हो’ आलं की सरसकट ‘डॉक्टरांची चिठ्ठी आणा’ म्हणून परत पाठवलं जातं, आणि तो माणूस पुन्हा दिसत नाही. ज्यांना हालचालीची सर्वात जास्त गरज, त्यांनाच चाळणी बाहेर काढते. ‘हो’ म्हणणाऱ्यांसाठी पुढची पानं आहेत, ती त्यांच्याबरोबर बसून भरा. बऱ्याच जणांना हळू सुरुवात करता येते. छातीत दुखणं, चक्कर, विश्रांतीतही धाप असं काही असेल तर मात्र आधी डॉक्टर, आणि चालताना झालं तर जागीच थांबणं. आपत्कालीन संपर्काचे क्रमांक कार्यालयाच्या फाइलमध्ये ठेवून उपयोग नाही. पुढे चालणाऱ्याच्या खिशात हवेत. जवळचं एईडी यंत्र (हृदय अचानक बंद पडल्यास विजेचा झटका देणारं) कुठे आहे, त्या खोलीची किल्ली कोणाकडे, आणि सत्राच्या वेळी ती खोली उघडी असते का, हे तिन्ही माहीत हवं. छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण निदान दोघांना: मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक पाच ते सहा सेंटीमीटर खोल.

आता झटपट उपायांबद्दल, आणि इथे मत स्पष्ट आहे. एका दिवसाची दौड, छापील टी-शर्ट, पदकं यांवर वर्षाचा निधी उडवू नका. धावणारे धावून जातात आणि सोमवारी वस्ती तशीच बसलेली असते. पावलं मोजायचे पट्टे वाटणंही तसंच. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. दोन हजार पावलं चालणाऱ्यासमोर तो ठेवलात तर तो पहिल्या दिवशीच हरतो. त्याला सांगा, या आठवड्यात पाचशे जास्त. गुणतक्ता भिंतीवर लावू नका, खालची तीन नावं पंधरा दिवसांत गायब होतात.

मार्गदर्शक निवडतानाही सांभाळा. पदकं मिळवलेला खेळाडू उद्घाटनाला बोलवा, त्याचा मान राखा, पण काम शिकायला ज्याने कुठेतरी वर्षानुवर्षं एकच गट टिकवला आहे त्याच्याकडे जा. त्याला विचारा, ‘तुमचे कोण गळाले आणि का?’ ज्याच्याकडे याचं उत्तर नावानिशी नाही, त्याच्याकडून फार शिकायला मिळणार नाही. शिट्टी वाजवून ओरडणारा प्रशिक्षक तर नकोच.

निधी बहुधा सहा किंवा बारा आठवड्यांचा येतो. सवय लागण्यावरच्या एका बऱ्याच उद्धृत झालेल्या अभ्यासात ९६ जण होते. त्यांच्यात कृती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांची मधली किंमत ६६ निघाली, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. तेवढ्यात सगळ्यांना सवय लागेल असं अर्जात लिहून देऊ नका. त्यापेक्षा चौथ्या आठवड्यापासून गटातलेच दोघं तयार करा. आठवा आठवडा आला की सुरुवात त्यांनी घ्यायची, दहावा आला की तुम्ही मागे चालायचं. बाराव्याच्या आधी जागेची परवानगी, नोंदवही, गटाचे फोन क्रमांक त्यांच्या हातात. शेवटच्या दिवशी घाईने सोपवलं तर पंधरवड्यात गट मोडतो, आणि दोष त्या दोघांना लागतो.

राहिला गळतीचा फोन. सलग दोनदा कुणी आलं नाही की दोन दिवसांच्या आत करायचा, आणि जो त्या माणसाला ओळखतो त्यानेच. ‘का आला नाहीत?’ असं विचारू नका, लोक लाजतात. ‘गुरुवारी तुमची आठवण निघाली, गुडघा कसा आहे?’ असं विचारा. उत्तर येईल ते ऐकून घ्या आणि फोन ठेवल्यावर नोंदवहीत कारण त्याच माणसाच्या शब्दांत लिहा: ‘नातवाला बघायचं असतं’, ‘पुढचे फार भरभर जातात’, ‘बूट चावतात’. एकच कारण तिघांकडून आलं की माणसांना समजावत बसू नका, सत्राची वेळ, वेग किंवा वाट बदला आणि त्या तिघांना पुन्हा फोन करून काय बदललं ते सांगा.