थंड पाण्यात डायव्हिंग-स्नॉर्केलिंग: हंगाम निवडताना या चुका टाळा

‘उन्हाळा लागला की लगेच जाऊ, तेव्हा छान ऊन असतं.’ थंड समुद्रात पहिल्यांदा उतरणाऱ्यांचं नियोजन बहुतेकदा या वाक्यापासून सुरू होतं आणि तिथंच फसतं. हंगाम ठरवायचा तो पाणी बघून, हवा बघून नाही.

हवेच्या अंदाजावर तारीख ठरवणं

समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. ब्रिटनभोवतालचं पाणी सर्वांत गार असतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि त्यातल्या त्यात उबदार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात किनाऱ्यावर लोक टी-शर्टवर फिरत असले, तरी पाण्यातून हिवाळा पुरता गेलेला नसतो. ऊब हवी असेल तर उन्हाळा सरताना जा.

हा नियमही सगळीकडे चालत नाही. केपटाऊनच्या अटलांटिक बाजूला भर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आग्नेयेचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून लोटून देतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. वर कडक ऊन आणि पाणी १०-१२ अंशांवर! पण हेच पाणी बऱ्याचदा मस्त नितळ असतं. शहराच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या फॉल्स बेमध्ये मात्र डायव्हर हिवाळ्याची वाट बघतात. एकाच शहराला दोन हंगाम आहेत, म्हणून चौकशी करताना नुसतं शहराचं नाव सांगून भागत नाही.

खोल तळ्यांची गंमत आणखी वेगळी. उन्हाळ्यात वरचं पाणी २० अंशांवर गेलं, तरी थर्मोक्लाइनच्या (म्हणजे पाणी जिथं एकदम गार होतं त्या थराच्या) खाली ते ५-६ अंशांवरच असू शकतं. पाण्याच्या वरच्या भागातच राहणाऱ्या स्नॉर्केलिंगवाल्याला जो वेटसूट (ऊब देणारा रबरी पोशाख) पुरतो, त्यात खोल जाणारा डायव्हर काकडतो. त्यामुळे ‘पाण्याचं तापमान किती?’ एवढंच विचारू नका, ‘किती खोलीवर?’ हेही विचारा.

ऊब आणि नितळपणा एकत्र मागणं

सर्वांत जास्त निराशा इथं पदरी पडते. वसंतात दिवस मोठा झाला की प्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना) बहर येतो आणि पाणी हिरवट, धुकट होतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात व्हिजिबिलिटी (पाण्यात किती लांबचं दिसतं ते) सगळ्यात चांगली मिळते ती हिवाळ्यात. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमध्येही डिसेंबरात बहर येण्याआधीचे महिने चांगले. फोटो काढायचे असतील तर मी तरी गारठा पत्करेन.

पोहोचल्यावर पाणी हिरवं दिसलं तर लगेच माघारी फिरू नका. बऱ्याचदा हा थर वरच्या काही मीटरपुरताच असतो. खाली पाणी स्वच्छ असतं, फक्त अंधार असतो. टॉर्च घ्या, जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नका. स्नॉर्केलिंगवाल्याला ही पळवाट नाही. त्यानं जागा बदलावी किंवा दिवस.

जुन्या माहितीवर विसंबणं

नॉर्वेच्या उत्तरेला साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत हेरिंग माशांमागे ऑर्का (किलर व्हेल) येतात. पण हेरिंग हिवाळा कुठे काढतील हे काही वर्षांनी बदलतं, आणि त्यांच्यामागून ऑर्कांचा मुक्कामही हलतो. शिवाय तिथं डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. पाण्यात उतरण्याजोगा उजेड काही तासच मिळतो.

ऑस्ट्रियातलं ग्र्युनर झे हे तळं बर्फ वितळलं की इतकं फुगायचं की बाग, बाकं, पायवाटा सगळं पाण्याखाली जायचं. ते फोटो अजूनही फिरतात. २०१६पासून तिथं डायव्हिंगला बंदी आहे.

वर आल्यानंतरचा विचारच न करणं

आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत पाणी बारा महिने २ ते ४ अंशांवर असतं. मग उन्हाळा काय आणि हिवाळा काय? पाण्यात फरक नाही, पण बाहेर आहे. ड्रायसूटमध्ये (पाणी आत येऊ न देणाऱ्या पोशाखात) अंग कोरडं राहतं, मात्र हातमोजे ओले होतात. बाहेर आल्यावर शून्याखालच्या वाऱ्यात ते काढून बधिर बोटांनी क्लिपा सोडवायच्या म्हणजे शिक्षाच. पहिलीच वेळ असेल तर जून-जुलै बरा. गर्दी असते, पण उजेड भरपूर.

हिवाळ्यात रेग्युलेटरही (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडात पोहोचवणारं यंत्र) रुसतो. ‘>१०°C’ अशी खूण असलेला रेग्युलेटर १० अंशांहून गार पाण्यासाठी नसतोच. थंडीसाठीचा असला, तरी गोठवणाऱ्या हवेत उभं राहून त्यातून श्वास घेऊन बघू नका. श्वासातला ओलावा आतच गोठतो आणि पाण्यात शिरल्यावर फ्री-फ्लो सुरू होतो, म्हणजे हवा न थांबता वाहत राहते. तसं झालंच तर जोडीदाराच्या पर्यायी रेग्युलेटरवर जा, शक्य असल्यास आपल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि डाइव्ह तिथंच थांबवून सावकाश वर या. थोड्या वेळानं तो नीट चालला, तरी त्या दिवशी पुन्हा उतरू नका.