केंदाळ काढलं, पाणी काळंच राहिलं : नदीसाठी एकत्र येताना या चुका टाळा

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही विचारा, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? उत्तर तयार असतं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा अर्धा जिल्हा रात्रभर या एकाच आकड्यावर डोळे लावून बसला होता. पण त्याच पंचगंगेत जानेवारीच्या पहाटे विरघळलेला ऑक्सिजन किती असतो, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

मी नदीकाठच्या एका गावात विज्ञान शिकवतो. आजूबाजूच्या पाच-सहा गावांनी मिळून नदीसाठी गट केला, त्यात सुरुवातीपासून आहे. खाली लिहिलेल्या जवळपास सगळ्या चुका आम्ही स्वतः केलेल्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५५ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. तेव्हा असे गट आणखी बरेच निघतील. निदान त्यांची दोन वर्षं वाचावीत.

सुरुवात केंदाळापासून करणं

जलपर्णीला आमच्याकडे केंदाळ म्हणतात. ते डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. आम्हीही लागलो. शंभरेक माणसं, एक जेसीबी, टोप्या, वडापाव, फोटो. काढलेल्या केंदाळाचे ढीग काठावरच लावले आणि घरी गेलो. जूनमध्ये पाणी चढलं आणि ते सगळे ढीग पुन्हा नदीत उतरले. काठावर कुजत होतं तोवर त्याचा रस नदीतच झिरपत होता, ते वेगळंच.

केंदाळ म्हणजे ताप, आजार नव्हे. सांडपाण्यातला नत्र-स्फुरद आणि बंधाऱ्यामागचं साचलेलं पाणी, एवढं मिळालं की उन्हाळ्यात ते दोनेक आठवड्यांत दुप्पट होतं. बी चिखलात कित्येक वर्षं टिकतं. काढायचंच असेल तर फुलं येण्याआधी काढा, वरच्या बंधाऱ्यापासून खाली या (खालून वर गेलात तर वरचं वाहत येऊन तुमची मेहनत झाकून टाकतं), आणि पूररेषेच्या बाहेर नेऊन खत करा. ट्रॅक्टरच्या भाड्याची सोय नसेल तर त्या दिवशी काढूच नका.

नदी कुणाला कशासाठी हवी, हे न विचारणं

आम्ही पहिल्या बैठकीत ठराव केला, ‘नदी स्वच्छ झाली पाहिजे.’ एकमताने मंजूर. कारण त्या वाक्यात कुणालाच काही सोडावं लागत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रश्न बदलला. तुम्हाला या पाण्याचं काय करायचंय? मग खरी बैठक झाली. भोई समाजातल्या माणसांना मासा हवा होता. बायकांना घाटावर धुणं धुताना पायाला खाज सुटू नये, एवढंच हवं होतं. एका आजीला एकादशीला अंघोळ करायची होती आणि कळशीभर पाणी देवासाठी घरी न्यायचं होतं. लिफ्ट इरिगेशनवाल्यांना पंपाच्या फुटव्हॉल्व्हमध्ये केंदाळ अडकायला नको होतं, पाण्याच्या रंगाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. एकजण तर उघडच म्हणाला, सांडपाण्यामुळं माझा युरिया वाचतोय. त्याच्यावर सगळे ओरडले, पण खरं बोलणारा तो एकटाच होता.

ही यादी भावनेपुरती ठेवू नका, तिचे आकडे होतात. केंद्रीय मंडळाने पाण्याचे ए ते ई असे पाच वर्ग केलेत, तेही वापरावरूनच. फक्त जंतुनाशक घालून प्यायचं पाणी ए वर्गात, उघड्यावरची अंघोळ बी, नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया करून प्यायचं सी, मासे आणि वन्यजीव डी, शेती ई. अंघोळीच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम हवा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, ३ पेक्षा जास्त नको. माशांना ऑक्सिजन ४ चालतो, पण मोकळा अमोनिया १.२ च्या वर गेला की धोका. शेतीच्या वर्गात ऑक्सिजनचं नावही नाही, तिथे क्षार बघतात. म्हणजे एकाच डोहातलं पाणी ऊसवाल्याच्या लेखी पास आणि भोयाच्या लेखी नापास असू शकतं. दोघंही खोटं बोलत नसतात. आम्ही मग पाणवठ्यांप्रमाणे ठरवलं: या घाटावर बी, त्या डोहात डी. तेव्हापासून भांडणं निम्म्यावर आली. उरलेली निम्मी खरी आहेत, ती चालायचीच.

बाटली कशीही भरणं

इथे जरा थांबतो, कारण गटाची पत इथेच जाते.

पहिल्या वर्षी आम्ही शाळा सुटल्यावर, दुपारी, घाटाच्या पायरीवरून पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत नमुना घ्यायचो. ऑक्सिजन ७ च्या पुढे. आम्ही खूश. नदी काळपट हिरवी, आकडा मात्र उत्तम. होडी बांधत बसलेले एक म्हातारे भोई रोज बघायचे. एके दिवशी म्हणाले, “मास्तर, दुपारच्याला येऊन काय बघतायसा? मासं पहाटंच वर येत्यात.”

मी विज्ञानाचा शिक्षक, आणि हे मला कळायला हवं होतं. पाण्यात शेवाळ असलं की ते दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ओढतं. उजाडायच्या वेळी तळ गाठलेला असतो. दुसऱ्या दिवशी साडेपाचला गेलो. त्याच पायरीवर आकडा ३ च्या खाली होता.

तेव्हा नमुना पहाटे घ्या आणि प्रत्येक वेळी त्याच सुमारास घ्या. काठावरचा नको, होडीतून किंवा बंधाऱ्यावरून धारेतला घ्या, हातभर खोलीवरचा, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे करून. ऑक्सिजनसाठी काचेच्या बुचाची ३०० मिलीची बीओडी बाटली लागते. ती पाण्याखालीच भरून पाण्याखालीच बंद करायची. आत डाळीएवढा जरी बुडबुडा राहिला तरी तो नमुना ओतून द्यायचा. मग तिथेच, काठावरच, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड ही चाचणीची रसायनं घालायची. दोन्ही कामं हातमोजे घालून मोठ्या माणसाने करावीत, पोरांनी नोंदी कराव्यात. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली वेगळी, आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. गाडीच्या डिकीत तापलेली बाटली तपासायला देऊन पैसे घालवू नका.

एक नमुना म्हणजे शून्य नमुने. ओढा नदीला मिळतो त्याच्या वर एक, खुद्द ओढ्यात एक, आणि पाणी नीट मिसळल्यावर खाली एक, असे तीन घ्या. वहीत तारीख, वेळ, पाऊस, रंग, वास, आणि बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले होते की काढलेले, हे लिहाच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे घातले की पाणी तुंबतं आणि घाण साठते. काढले की ती एकदम खाली जाते. बरग्यांची नोंद नसेल तर महिनाभराच्या आकड्यांचा काही अर्थ लागत नाही. दोन प्रयोगशाळांचे बीओडीचे आकडे शेजारी ठेवण्याआधी पद्धतही विचारून घ्या. एकीकडे २७ अंशांवर ३ दिवस, दुसरीकडे २० अंशांवर ५ दिवस असू शकतं.

आणि हा नमुना घेऊन कुणाच्या फाटकावर मोर्चा नेऊ नका. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कारवाईसाठीचा नमुना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारीच घेतो. संबंधिताला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील लावून. आपली बाटली त्या अधिकाऱ्याला योग्य दिवशी योग्य जागी बोलावण्यासाठी आहे. तेवढं काम तिने केलं तरी पुष्कळ.

सगळा दोष वरच्या गावावर ढकलणं

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. शिरोळचा माणूस इचलकरंजीकडे बोट दाखवतो, इचलकरंजीचा कोल्हापूरकडे, कोल्हापूरचा साखर कारखान्यांकडे. प्रत्येकाचं थोडंथोडं बरोबर असतं, हीच पंचाईत आहे. मळीमिश्रित पाणी आहे, कापड प्रोसेसिंगचं रंगीत पाणी आहे, जयंती आणि दुधाळी नाल्यांतून आलेलं शहराचं सांडपाणी आहे. आणि आपल्या गावचं गटार आहे, त्याचं नाव कुणी काढत नाही.

हे प्रकरण किती लांब जातं बघा. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. शहर पाण्यासाठी दुसऱ्या नद्यांकडे बघू लागलं, पुढे दूधगंगेवर सुळकूड योजना मांडली गेली, आणि दूधगंगाकाठची गावं कडाडून विरोधात उभी राहिली. शहराला प्यायला चांगलं पाणी हवं, हे खरंच आहे. आपली नदी गेली की माणूस दुसऱ्याच्या नदीच्या दारात उभा राहतो आणि तिथे त्याचं स्वागत होत नाही, हेही तितकंच खरं.

आमचा उपाय साधा निघाला. दोन गावांच्या शिवेवरचा नमुना दोन्ही गावांनी मिळून घ्यायचा. बाटली एक, वही एक, सह्या दोन. मग आकडा तुझा की माझा, हा वाद राहत नाही.

मासे मेल्यावर धावपळ करणं

तेरवाड बंधाऱ्याजवळच्या मेलेल्या माशांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. अशा दिवशी गर्दी होते, मोबाइल निघतात, आणि जे करायचं ते राहून जातं. सगळ्यात आधी ऑक्सिजनची बाटली भरा, कारण दुपारपर्यंत पाणी बदललेलं असतं. मग काठाने वरच्या अंगाला चालत जा, जिथे जिवंत मासे दिसतील तिथे थांबा. घाण कुठून आली ते बहुधा त्या दोन जागांच्या मध्ये सापडतं. फोटोत झाड, पूल, जॅकवेल असं ओळखीचं काहीतरी येऊ द्या. कुजलेला मासा तपासणीला निरुपयोगी. तडफडणारा किंवा नुकताच मेलेला बर्फात ठेवा. आणि मेलेला मासा कुणी टोपलीत भरून बाजाराला नेत असेल तर त्याला अडवा, वाईटपणा घेऊन अडवा.

काळं पाणी दिसलं की ‘धरणातून पाणी सोडा’ ही मागणी लगेच येते. राधानगरीचं पाणी आलं की आपला घाट दोन दिवस बरा दिसतो, पण तीच घाण खालच्या गावाच्या दारात जाते. बरगे काढायच्या आदल्या दिवशी निदान खालच्या गावाला फोन करा.

बाकी थोडक्यात

गणपतीत काहिलीत (मोठ्या कढईत) किंवा कुंडात विसर्जन, मूर्तिदान, निर्माल्य वेगळं, हे कोल्हापूरने चांगलं रुजवलंय. चालू ठेवा. पण वर्षातल्या दहा दिवसांचं काम करून उरलेले तीनशे पंचावन्न दिवस निवांत बसणारे गट मी पाहिलेत. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे गट नव्हे. गटात सरपंच असोत-नसोत, पंप चालू-बंद करणारा, बंधाऱ्यावरचा माणूस, धुणं धुणाऱ्या दोघी-तिघी आणि एखादा भोई असलाच पाहिजे. नदी रोज बघणारे तेच.

नदीवर बैठका घेऊन ओढे विसरणं, ही आमची शेवटची चूक. ती सुटली ती एका ग्रामसभेत. ऑक्सिजनच्या चाचणीत रसायनं घातल्यावर पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, अजिबात नसेल तर पांढरा. आकडे वाचून दाखवले की लोक जांभया देतात, म्हणून मी बाटल्याच टेबलावर मांडल्या. शेजारच्या, वरच्या अंगाच्या गावातलेही चौघं आले होते. शिवेवरची बाटली फिकट तपकिरी. लोक हसले, वरच्या गावाकडे बघायला लागले. मग आमच्याच गावातून वाहणाऱ्या ओढ्याची बाटली ठेवली. साका दुधासारखा पांढरा.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वरच्या गावचा एकजण पुढे आला, बाटली उजेडात धरून बघितली, खाली ठेवली आणि म्हणाला, “मास्तर, आमच्या वड्यावर कवा येतायसा?”